जुन्या डॉस गेम्सचं संगीत मूळ आवाजात: एमटी-३२ आणि साउंड कॅनव्हास घरच्या कॉम्प्युटरवर कसे उभे करायचे

जुन्या डॉस गेमची धून पुन्हा ऐकावीशी वाटली की बहुतेक जण मिडी फाइल उतरवतात आणि डबल क्लिक करून उघडतात. विंडोज ती आपल्याजवळच्या सिंथवर, म्हणजे सूचनांवरून आवाज बनवणाऱ्या प्रोग्रामवर वाजवतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, संगीत असंच होतं. पुष्कळदा ते तसं नसतं. मिडी फाइलमध्ये आवाज मुळी नसतोच. कोणता सूर, किती जोरात, कधी सुरू, कधी बंद आणि कितव्या नंबरचं वाद्य, एवढ्याच सूचना तिच्यात असतात. त्या नंबरांना आवाज देणारं यंत्र संगीतकाराच्या टेबलावर कोणतं होतं, यावर सगळं ठरतं. म्हणून आवाज 'सुधारायला' घेण्याआधी ती धून कोणत्या यंत्रासाठी लिहिली होती ते शोधा, हा माझा आग्रह आहे. हे एकदा कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून जुळवलेल्या पीसीत फार तर साउंड ब्लास्टर किंवा तिच्यासारखंच एखादं स्वस्त कार्ड असायचं. पुष्कळ घरांत तर पीसी स्पीकरची पिपाणीच. रोलंड या कंपनीचा संगीत वाजवणारा वेगळा डबा विकत घेऊन गेम खेळणारं घर विरळाच. त्यामुळे खाली दिलेलं सगळं करून पाहाल तेव्हा लहानपणी शेकडो वेळा ऐकलेली धून बहुधा पहिल्यांदाच तिच्या पूर्ण रूपात कानावर पडेल. माझ्या मते एवढ्यासाठी एक रविवार खर्ची घालायला हरकत नाही.

यंत्र ओळखा

आधी सनावळी बघा. मिडी आलं १९८३ मध्ये, पण कोणत्या नंबरवर कोणतं वाद्य असावं याचा सर्वमान्य तक्ता, म्हणजे जनरल मिडी, १९९१ चा. त्याआधीच्या गेमला बाहेरच्या मिडी यंत्राची सोय असेल तर ते यंत्र बहुतेक वेळा रोलंडचं एमटी-३२ असतं. हे १९८७ चं मॉड्यूल, म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचा सिंथचा डबा. सिएरा कंपनीने १९८८ च्या 'किंग्ज क्वेस्ट ४' पासून त्याला उचलून धरलं आणि पुढची काही वर्षं साहसी गेम्सचं संगीत त्याच्यावरच लिहिलं गेलं. १९९१ मध्ये रोलंडचंच साउंड कॅनव्हास एससी-५५ आलं आणि हळूहळू त्याने एमटी-३२ ची जागा घेतली. १९९३ च्या 'डूम'चं संगीत त्याच्यावर ऐकावं.

मधल्या दोन-तीन वर्षांत घोळ आहे. तेव्हाच्या गेमच्या सेटअपमध्ये दोन्ही पर्याय दिसतात, आणि एक मूळ तर दुसरा घाईत केलेला उतारा असतो. अशा वेळी दोन्हींवर ऐकून कानाने ठरवावं.

हाती नुसती मिडी फाइल असेल तर ती कोणत्याही सिक्वेन्सरमध्ये (मिडी उघडून बदलायच्या प्रोग्राममध्ये) उघडून चॅनेल बघा. एमटी-३२ ला मुळात आठ सुरेल भाग आणि एक तालाचा भाग, आणि ते चॅनेल २ ते ९ आणि १० वर बसवलेले असतात. म्हणजे चॅनेल १ रिकामा आणि ११ च्या पुढे काहीच नाही, अशी फाइल दिसली की संशय घ्यायचा. फाइलच्या सुरुवातीला सिसेक्स संदेश, म्हणजे एका ठरावीक यंत्रालाच उद्देशून पाठवलेल्या खास सूचना, असतील तर शंकाच उरत नाही. तिथे ६५, १६, २२ अशी सुरुवात दिसली की एमटी-३२, आणि ६५, १६, ६६ दिसली की साउंड कॅनव्हास घराणं.

मुंट बसवा

एमटी-३२ ची हुबेहूब नक्कल करणारा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम म्हणजे मुंट. यात ध्वनिमुद्रित नमुने लावून काम भागवलेलं नाही. मूळ यंत्राच्या आत जी गणितं चालायची तीच तो करतो. त्यासाठी मूळ यंत्रातल्या दोन रॉम (कायमची माहिती भरलेल्या चिप) फाइलच्या रूपात लागतात: ६४ किलोबाइटची कंट्रोल रॉम आणि ५१२ किलोबाइटची पीसीएम रॉम. यांचे हक्क रोलंडकडे आहेत, त्यामुळे मुंटबरोबर त्या मिळत नाहीत. स्वतःच्या यंत्रातून काढून घेणं हा सरळ मार्ग. फाइल बरोबर आहे की नाही हे मुंट तिच्या ठशावरून स्वतःच ओळखतं आणि नसेल तर स्पष्ट नकार देतं.

सीएम-३२एल हा एमटी-३२ चाच भाऊबंद. त्यात ३३ ध्वनिपरिणाम जास्तीचे आहेत आणि पीसीएम रॉम दुप्पट म्हणजे १ मेगाबाइटची आहे. १९९० नंतरच्या काही गेम्सना हे जादा आवाज लागतात. एमटी-३२ वर ते नुसते गायब होतात आणि आपण गेमला दोष देत बसतो. त्याआधीच्या गेम्सना मात्र जुनं एमटी-३२ च निवडा.

गेम खेळत ऐकायचं असेल तर जुने साहसी गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारं स्कमव्हीएम सगळ्यात सोपं. रॉम फाइली त्याच्या 'एक्स्ट्रा पाथ'च्या फोल्डरमध्ये टाका, ऑडिओच्या सेटिंगमध्ये एमटी-३२ एम्युलेटर निवडा, झालं. जे गेम स्कमव्हीएममध्ये चालत नाहीत त्यांच्यासाठी डॉसबॉक्स स्टेजिंग, म्हणजे जुन्या डॉस पीसीची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सची नवी आवृत्ती. त्याच्यात मुंट आतच आहे, कॉन्फिग फाइलमधल्या मिडी विभागात डिव्हाइस म्हणून एमटी३२ लिहिलं आणि रॉमचं फोल्डर दाखवलं की पुरे. त्यानंतर गेमच्या स्वतःच्या सेटअपमध्ये जाऊन रोलंडचा पर्याय निवडायला मात्र विसरू नका. इकडे सगळं जमवायचं आणि गेम तिकडे अॅडलिब या साध्या साउंड कार्डवरच वाजत राहायचा, असं फार जणांचं होतं.

धून वेगळी काढून तिच्यावर काम करायचं असेल तर मुंटचा खिडकीवाला प्रोग्राम वापरा. तो मिडी पोर्टसारखा दिसतो, त्यामुळे रीपरसारख्या सिक्वेन्सरमधून थेट त्याच्याकडे सूचना पाठवता येतात. विंडोजवर मधला दुवा म्हणून लूपमिडी, मॅकवर आयएसी ड्रायव्हर. आणि गेमने नेमकं काय पाठवलं हे पकडायचं असेल तर मूळ डॉसबॉक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ८ एकत्र दाबलं की कच्चं मिडी फाइलमध्ये उतरायला लागतं. हे रेकॉर्डिंग गेम सुरू होण्याच्या क्षणापासून करा, कारण खरा खजिना सुरुवातीच्या सिसेक्समध्येच असतो.

सिसेक्स: यंत्राशी थेट बोलणं

एमटी-३२ मध्ये १२८ तयार आवाज आहेत, पण चांगल्या संगीतकारांनी त्यांच्यावर समाधान मानलं नाही. आपले ६४ आवाज यंत्राच्या मेमरीत भरण्याची सोय होती आणि गेम सुरू होताना ते सिसेक्समधून भरले जायचे. हे संदेश गाळून बनवलेली मिडी फाइल मुंटवर वाजवली तरी चुकीचीच वाजते: बासरीच्या जागी ऑर्गन, दाराच्या करकरीच्या जागी पियानो. 'मुंट लावलं तरी बरोबर वाटत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

या संदेशांची रचना एकदा हाताने करून बघावी, भीती जाते. एमटी-३२ च्या पुढच्या बाजूला २० अक्षरांचा छोटा पडदा होता आणि गेम त्याच्यावर मजकूर पाठवायचे. आपण रोमन लिपीतलं 'नमस्कार' पाठवू. आकडे दशमान पद्धतीचे आहेत:

२४० ६५ १६ २२ १८ ३२ ० ० ७८ ६५ ७७ ६५ ८३ ७५ ६५ ८२ १८ २४७

२४० म्हणजे सिसेक्सची सुरुवात. ६५ हा रोलंडचा नंबर, १६ यंत्राचा, २२ म्हणजे एमटी-३२ मॉडेल, आणि १८ म्हणजे 'ही माहिती लिहून घे'. नंतर ३२ ० ० हा पत्ता, म्हणजे पडदा. त्यापुढची आठ अक्षरं. मग चेकसम, म्हणजे संदेश चुकला नाही ना हे तपासायचा आकडा, आणि शेवटी २४७.

चेकसम असा निघतो: पत्ता आणि माहिती यांची बेरीज करा. इथे ३२ अधिक ५९०, म्हणजे ६२२. त्याला १२८ ने भागून बाकी घ्या, ११० उरते. १२८ मधून ११० वजा केले की १८. बाकी शून्य आली तर चेकसमही शून्य. एक आकडा चुकला तरी यंत्र संदेश फेकून देतं, त्यामुळे हाताने बदल केला की चेकसम पुन्हा काढायचाच.

याच पद्धतीने संपूर्ण यंत्राचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा ठरवता येतो. पत्ता १६ ० १, आणि त्यापुढे तीन आकडे: प्रकार ० ते ३ (खोली, हॉल, प्लेट, प्रतिध्वनी), लांबी ० ते ७, प्रमाण ० ते ७. हॉल, लांबी ५, प्रमाण ४ हवं असेल तर माहिती १ ५ ४ आणि चेकसम १०१. सगळं मूळपदावर आणायचं तर १२७ ० ० या पत्त्यावर लिहा. प्रत्येक नवी धून लावण्याआधी हा रीसेट द्यावा, नाहीतर आधीच्या गेमचे आवाज मेमरीत तसेच बसून राहतात.

खरं यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी एक सावधगिरी. मिडीची तार सेकंदाला ३१,२५० बिट नेते, म्हणजे सुमारे ३,१२५ बाइट. एका आवाजाची माहिती २४६ बाइट, वर संदेशाचं वेष्टन धरून २५६. म्हणजे एक आवाज भरायला ८२ मिलिसेकंद आणि ६४ आवाज भरायला पाच सेकंदांहून जास्त. हेडफोनचं भोक नसलेलं सुरुवातीचं एमटी-३२ एवढा मारा भराभर झाला की गुदमरतं आणि पडद्यावर बफर भरल्याची तक्रार दाखवतं. मी दोन संदेशांत ४० मिलिसेकंदांचं अंतर ठेवतो. डॉसबॉक्समध्ये यासाठी सिसेक्स उशिरा पाठवण्याची वेगळी सोय आहे. मुंटला याची गरज पडत नाही.

एमटी-३२ ची फाइल जनरल मिडीवर आणताना

कधीकधी इलाज नसतो, रॉम मिळत नाहीत आणि साउंडफाँटवरच (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांच्या फाइलवर) भागवावं लागतं. अशा वेळी तीन गोष्टी हाताने बदलाव्या लागतात.

वाद्यांचे नंबर वेगळे आहेत. एमटी-३२ वर ३३ नंबरला 'फँटसी' नावाचा चमचमता, पसरणारा आवाज आहे. जनरल मिडीत ३३ म्हणजे उभा बास. गूढ गुहेच्या प्रसंगात अचानक बास ठुमकायला लागतो तो यामुळे. त्याला ८९ वर न्या. प्रत्येक नंबर असा तपासावा लागतो. पिच बेंडचा (सूर वर-खाली वळवण्याचा) पल्ला एमटी-३२ वर मुळात १२ अर्धसुरांचा आहे आणि जनरल मिडीवर २ चा, त्यामुळे मींड जागेवर पोचतच नाही. प्रत्येक चॅनेलच्या सुरुवातीला कंट्रोल १०१ ला ०, १०० ला ० आणि ६ ला १२ द्या. तिसरं, एमटी-३२ चं पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) उलटं आहे, ० उजवीकडे आणि १२७ डावीकडे. म्हणून पॅनचा प्रत्येक आकडा १२७ मधून वजा करून लिहायचा.

एवढं करूनही गेमने स्वतः बनवलेले आवाज मिळणार नाहीत. ते हाताने घडवावे लागतात.

आवाज घडवणं

एमटी-३२ आणि त्याच वर्षीचा रोलंड डी-५० कीबोर्ड एकाच तत्त्वावर चालतात. तेव्हा मेमरी फार महाग होती, पूर्ण वाद्याचं ध्वनिमुद्रण साठवणं परवडत नव्हतं. कान मात्र वाद्य ओळखतो ते त्याच्या पहिल्या क्षणावरून: फुंकरीचा श्वास, तारेवरचा नखाचा टकटकाट, हातोडीचा ठोका. रोलंडने तेवढाच तुकडा खऱ्या ध्वनीचा ठेवला आणि पुढचा लांबणारा सूर साध्या सिंथच्या लहरीने भरून काढला. या सगळ्या पद्धतीतली ही कल्पना मला सर्वांत सुंदर वाटते. त्या काळच्या आवाजांत अर्धं खरं आणि अर्धं काचेचं असं जे काही जाणवतं ते इथून येतं.

हेच आज व्हायटल या मोफत सिंथमध्ये करता येतं. त्याच्या सॅम्पलरमध्ये एक छोटा ध्वनी घाला, ८० ते २०० मिलिसेकंदांचा. रिकाम्या बाटलीवरची फुंकर किंवा तानपुऱ्याच्या तारेची एक छेड मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली तरी उत्तम. त्याचं लूप बंद करा आणि तो फिल्टरला वळसा घालून थेट बाहेर जाईल असं जोडा, कारण रोलंडच्या या पद्धतीतही फिल्टर फक्त सिंथच्या लहरीला लागायचा, ध्वनिमुद्रित तुकड्याला नाही. हा वळसा घातला नाही तर नक्कल कधीच जमत नाही.

मग पहिल्या ऑसिलेटरवर (लहर तयार करणाऱ्या भागावर) करवती लहर, लो-पास फिल्टर दीड किलोहर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स थोडासा. एन्व्हलप असा ठेवा: चढायला ६० मिलिसेकंद, उतरायला ८००, मग साठ टक्क्यांवर स्थिर. म्हणजे फुंकर ओसरत असताना सूर तिच्या खालून वर येतो. दोन्ही सुरांचा सांधा ऐकू येत असेल तर चढाईची वेळ कमीजास्त करत बसा, बहुतेक सगळी मेहनत याच जागी आहे. दुसऱ्या ऑसिलेटरवर अरुंद चौकोनी लहर, पहिल्यापेक्षा पाच-सहा सेंट वर. एमटी-३२ मध्ये कोरस नव्हता, आवाजाला जाडी यायची ती अशी जवळजवळचे सूर एकत्र लावून. त्यामुळे कोरसचं बटण दाबायचा मोह टाळा. घंटेसारखा आवाज हवा असेल तर दोन लहरींमध्ये रिंग मॉड्युलेशन लावा आणि दुसरी लहर पंचमाच्या जवळ पण नेमकी पंचमावर नाही अशी ठेवा.

रिव्हर्ब आवाजागणिक वेगळा लावायचा नाही. सगळ्या धुनेला मिळून एकच, छोटा आणि थोडा धातूसारखा. मूळ यंत्र ३२ किलोहर्ट्झवर चालायचं, म्हणजे संगीताचा मुख्य भाग १६ किलोहर्ट्झच्या आतच असायचा. शेवटी १४-१५ किलोहर्ट्झला कापणारा फिल्टर लावला की आवाज एकदम 'त्या काळात' जाऊन बसतो.

नवी धून लिहीत असाल तर हिशेब पाळा

एमटी-३२ कडे ३२ पार्शल असतात, म्हणजे आवाजाचे मूळ घटक. एका सुराला एक ते चार पार्शल लागतात. चार पार्शलचा भरदार पॅड घेऊन चार सुरांचा कॉर्ड धरला की १६ संपले. उरलेल्या १६ मध्ये बास, मुख्य धून आणि ताल बसवायचा. म्हणून त्या काळच्या धुना ऐकताना लक्षात येईल की भरदार आवाज एकटाच येतो आणि गर्दी झाली की सगळे आवाज सडपातळ होतात. आज मर्यादा नसताना सगळीकडे जाड आवाज लावले तर कितीही नक्कल करा, ते जुनं वाटत नाही. मी कागदावर प्रत्येक भागापुढे त्याच्या पार्शलची संख्या लिहून बेरीज ३२ च्या आत ठेवतो. मुंटच्या खिडकीत हे चालू दिसतातही, त्यामुळे कुठे टंचाई होते ते डोळ्यांनी कळतं.

दुसरी बारीक गोष्ट तारेच्या वेगाची. एक सूर सुरू करायची सूचना तीन बाइटची, म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. दहा सूर एकाच ठोक्यावर लिहिले तरी खऱ्या यंत्राकडे ते एकामागोमाग पोचायचे. सिक्वेन्सरमध्ये प्रत्येक सूर एक मिलिसेकंद मागे सरकवून बघा, ठोका किंचित मऊ होतो. आणि ज्याची जागा अचूक हवी तो ताल सगळ्यात आधी ठेवा.

साउंड कॅनव्हास

एससी-५५ चं काम तुलनेने सोपं. यात १६ भाग, २४ सूर एका वेळी, आणि सगळे आवाज ध्वनिमुद्रित नमुन्यांवरचे. विंडोजच्या आतल्या सिंथमध्येही रोलंडकडून घेतलेलेच नमुने आहेत, पण ते आटवून बसवलेले आणि रिव्हर्ब, कोरस नसलेले, म्हणून कोरडे वाटतात. अस्सल नक्कल हवी असेल तर न्यूक्ड एससी-५५ हा एम्युलेटर आहे. तो यंत्रातल्या चिपचीच नक्कल करतो, त्याला मूळ रॉम लागतात आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी दमदार हवा.

रॉम नसतील तर साउंडफाँट वाजवणारा फ्लुइडसिंथ हा प्रोग्राम आणि जनरलयूझर जीएस हा मोफत साउंडफाँट, ही जोडी मी सुचवेन. डॉसबॉक्स स्टेजिंगमध्ये फ्लुइडसिंथ आतच आहे. फ्लुइडसिंथमध्ये एकाच वेळच्या सुरांची मर्यादा २५६ असते. तिला खाली आणून ४०-५० वर ठेवा. थेट २४ करू नका, कारण स्टीरिओ नमुन्याचे दोन मोजले जातात आणि मग गरज नसताना सूर तुटायला लागतात. फाइलच्या सुरुवातीला जीएस, म्हणजे साउंड कॅनव्हासच्या पद्धतीचा रीसेट द्या: २४० ६५ १६ ६६ १८ ६४ ० १२७ ० ६५ २४७. रिव्हर्बचा कंट्रोल ९१ आणि कोरसचा ९३, हे मूळ फाइलमध्ये असतील तसेच राहू द्या.

जनरल मिडीच्या तक्त्यात १०५ वर सतार आणि ११२ वर शहनाई आहे हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. तबला मात्र नाही. स्वतःची धून लिहिताना ही शहनाई मुख्य सुरासाठी नको, ती लगेच उघडी पडते. दुसऱ्या वाद्याच्या मागे हलकी ठेवली तर छान रंग भरते.

आणि तुम्हाला लहानपणचाच आवाज हवा असेल, साउंड ब्लास्टरवरचा? मग रोलंडच्या वाटेला जाऊच नका. ती अॅडलिबची एफएम चिप, यामाहाची वायएम३८१२, नऊ सुरांची. मिडी फाइल त्या आवाजात वाजवायला लिबएडीएलमिडी आहे, आणि गेममध्ये नुसतं अॅडलिब निवडलं की डॉसबॉक्स ते आपोआप करतं.

रेकॉर्डिंग

मुंटच्या प्रोग्राममध्ये मिडीची वेव्ह फाइल करून देणारी सोय आहे, स्पीकरमधून रेकॉर्ड करण्याची गरज नाही. त्याच्या सेटिंगमध्ये 'अॅनालॉग आउटपुट' असा पर्याय दिसेल. 'अॅक्युरेट' निवडलं की यंत्राच्या बाहेर पडणाऱ्या सर्किटचाही परिणाम धरला जातो आणि फाइल ४८ किलोहर्ट्झची निघते. व्हिडिओत वापरायला हेच सोयीचं. नंतर लिमिटर लावून आवाज फुगवू नका. या धुनांमध्ये शांत जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात.

गेमची धून फिरत राहणारी असते, त्यामुळे शेवट आणि सुरुवात यांचा सांधा महत्त्वाचा. धून एकदाच वाजवून कापली तर शेवटच्या सुराची आस आणि रिव्हर्ब तुटतो आणि दर फेरीला धक्का बसतो. मिडी फाइलमध्येच धून सलग दोनदा लावा, पूर्ण वेव्ह काढा, आणि पहिली फेरी टाकून फक्त दुसरी कापून घ्या. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिलीची आस आधीच मिसळलेली असते, म्हणून ती कितीही वेळा फिरवली तरी सांधा कळत नाही. कापण्याची जागा कानाने शोधू नका. टेम्पो आणि मात्रांवरून फेरीची लांबी सेकंदात काढा आणि तिथेच कापा. १२० च्या टेम्पोत चार मात्रांचे १६ बार म्हणजे नेमके ३२ सेकंद.